फक्त फोन येता ठेव: रिचार्जचा दर नक्की ठरवतं कोण?

हा भाग तुम्ही कानात इअरफोन घालून ऐकत असाल, किंवा इथे वाचत असाल. दोन्हीसाठी एक गोष्ट लागलीच असणार, ती म्हणजे चालू रिचार्ज. आज त्याच्यावरच बोलायचं आहे. डेटा किती मिळतो, कुठला पॅक भारी, हे सांगणारे व्हिडिओ खूप आहेत. मला वेगळं बोलायचंय. हा दर ठरतो कसा, ठरवतं कोण, आणि तो वाढला की आमच्या टोकावड्यासारख्या गावात नक्की काय होतं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. टोकावडे म्हणजे ठाणे जिल्हा, मुरबाड तालुका. कल्याणहून माळशेजला पावसाळ्यात भिजायला जाता ना, त्याच रस्त्यावर आमचं गाव लागतं. नाणेघाटाला जाणारे ट्रेकरसुद्धा इथूनच पुढे जातात. नाणेघाटाच्या माथ्यावर तो दगडी रांजण आहे बघा, ज्यात सातवाहनांच्या काळात जकात गोळा करायचे असं सांगतात. माल घेऊन घाट चढायचा तर आधी नाणी टाकायची, मग पुढे जायचं. मला रिचार्ज हा तसलाच नाका वाटतो. एक फरक आहे. घाट टाळून लांबच्या वाटेने जाता यायचं. फोन टाळून आज कुठे जाणार?

दुकानातली एक गोष्ट

आमच्या नाक्यावर मोबाईलचं एक छोटं दुकान आहे. रिचार्ज, स्क्रीनगार्ड, झेरॉक्स, सगळं तिथेच. मागच्या उन्हाळ्यात मी तिथे उभी असताना एक आजी आल्या. हातात बटणांचा फोन, पदराच्या गाठीत पैसे. दुकानदार दादाला म्हणाल्या, "बाळा, फक्त फोन येता ठेव. बाकी काय नको मला."

दादाने कमीत कमी पॅक सांगितला. दोनशेच्या आत, २८ दिवस. आजींनी विचारलं, "त्यात काय काय येतं?" दादा म्हणाला, "कॉल फुकट, दोन जीबी नेट, मेसेज." आजी म्हणाल्या, "नेट घालू कुठं ह्याच्यात?" आणि फोन त्याच्यासमोर धरला. दुकानात सगळे हसले. आजी हसल्या नाहीत. त्यांनी पैसे मोजून दिले आणि गेल्या.

मला हा प्रसंग विनोदी वाटला नाही, कारण आजींचा प्रश्न बरोबर होता. जी वस्तू मला वापरताच येत नाही, तिचे पैसे मी का देऊ?

पस्तीस ते एकशे नव्व्याण्णव

थोडं मागे जाऊ. २००५-०६ च्या आसपास ‘लाइफटाइम’ कार्ड निघाली होती, साधारण ९९९ रुपयांना. एकदा पैसे भरायचे आणि इनकमिंग कायम चालू. घरात विचारा, कुणाला तरी नक्की आठवेल. तेव्हा मिस्ड कॉल ही एक भाषाच होती. एक मिस्ड कॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे घ्यायला ये.

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं. सुरुवातीचे काही महिने सगळंच फुकट. दर धडाधड खाली आले. सरकारी आकड्यांनुसार २०१४ मध्ये एक जीबी डेटा सुमारे २६९ रुपयांना पडायचा, तो पुढे दहा रुपयांच्या आसपास आला. हा फायदा खरा आहे. आमच्या गावातली पोरं यूट्यूबवर बघून पोलीस भरतीचा अभ्यास करतात, तो त्याच्याच जिवावर. ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्याच काळात दुसरंही घडत होतं. एअरसेल, टाटा डोकोमो, युनिनॉरचं झालेलं टेलिनॉर, आरकॉम, एमटीएस ही नावं आठवतात? एकेक करून दिवाळखोरीत गेली, विकली गेली किंवा धंदा सोडून गेली. ३१ ऑगस्ट २०१८ ला वोडाफोन आणि आयडिया एक झाल्या. ज्या बाजारात दहा-बारा कंपन्या होत्या, तिथे तीन खाजगी आणि एक सरकारी उरली. आज देशातल्या दर चार मोबाईल ग्राहकांपैकी जवळपास तीन जण जिओ आणि एअरटेल या दोघांकडेच आहेत.

आता एकाच कंपनीचा, एअरटेलचा, कमीत कमी रिचार्ज बघू. म्हणजे नंबर चालू राहावा म्हणून निदान भरावाच लागतो तेवढा. २०१८ च्या शेवटी तो ३५ रुपये होता. २०२१ च्या जुलैत ७९ झाला, नोव्हेंबरात ९९. २०२३ पर्यंत बहुतेक भागांत १५५. आणि जुलै २०२४ पासून १९९.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. ३५ च्या पॅकमध्ये आणि १९९ च्या पॅकमध्ये एकच वस्तू मिळत नाही. १९९ मध्ये कॉल अमर्याद आहेत, थोडा डेटा आहे. जो दिवसाला तासभर बोलतो त्याला हे परवडतं. पण आजींना फक्त लेकीचा फोन यायला हवा होता. त्यांच्यासाठी नाक्यावरची जकात पाच-सहा वर्षांत पाचपटीहून जास्त झाली. सगळ्यात कमी वापरणाऱ्याला सगळ्यात मोठा फटका बसला.

एका घराचा हिशोब

चार फोनचं एक घर धरू. दोन स्मार्टफोन, दोन साधे. जिओचे दर घेऊ, कारण ते तोंडपाठ असतात. जुलै २०२४ च्या आधी रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २३९ ला होता आणि कमीत कमी पॅक १५५ ला. वाढीनंतर २९९ आणि १८९.

आता २८ दिवसांची गंमत. महिना म्हणतो आपण, पण २८ दिवसांनी वर्षात १२ नाही, १३ वेळा रिचार्ज करावा लागतो. तर आधी घराचा वर्षाचा खर्च व्हायचा १०,२४४ रुपये. नंतर झाला १२,६८८. म्हणजे वर्षाला २,४४४ रुपये जास्त.

शहरात याला कोणी काही म्हणणार नाही. पण रोजगार हमीची महाराष्ट्रातली २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे नुसत्या वाढीसाठी जवळपास आठ दिवस माती उचलायची. आणि पूर्ण रिचार्जसाठी एका माणसाचे चाळीस दिवस. आपल्याकडे भात निघाल्यावर कामच नसतं, अर्धे पाडे वीटभट्टीला जातात, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे चाळीस दिवस हा लहान आकडा नाही.

एसटी वाढते तेव्हा, आणि रिचार्ज वाढतो तेव्हा

२५ जानेवारी २०२५ ला एसटीचं भाडं १४.९५ टक्के वाढलं. आपण चिडलो, बरोबर आहे. पण ती वाढ करण्याआधी एसटी महामंडळाला राज्य परिवहन प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी लागली. विजेचं बघा. महावितरणला दर बदलायचे असतील तर राज्य वीज नियामक आयोगाकडे प्रस्ताव द्यावा लागतो. तो जाहीर होतो, लोकांकडून हरकती मागवतात, सुनावणी होते. तुम्ही-आम्हीसुद्धा हरकत पाठवू शकतो. शेवटी निकाल काय लागतो ते सोडा, पण विचारायला जागा आहे.

मोबाईलच्या दराला अशी जागा नाही. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, १९९७ च्या कायद्याने स्थापन झालं. दर ठरवण्याचा अधिकार त्या कायद्यात ट्रायला आहे. पण गेली वीसेक वर्षं मोबाईलचे बहुतेक दर ट्रायने कंपन्यांवर सोडले आहेत. विचार असा होता की कंपन्या भरपूर आहेत, स्पर्धा आहे, एकाने महाग केलं की लोक दुसऱ्याकडे जातील. कंपनीने नवा दर आधी मंजूर करून घ्यायचा नसतो. लागू करायचा आणि सात कामकाजाच्या दिवसांत ट्रायला कळवायचा.

दहा कंपन्या असताना हे ठीक होतं. २०२४ ला काय झालं बघा. २७ जूनला जिओने दरवाढ जाहीर केली. दुसऱ्या दिवशी एअरटेलने आणि वोडाफोन आयडियानेही. ३ आणि ४ जुलैला तिघांचेही नवे दर लागू झाले. लोक ओरडल्यावर सरकारने सांगितलं की दर बाजार ठरवतो, आणि आपले दर जगात स्वस्तांपैकी आहेत. कंपन्यांचंही म्हणणं आहे: स्पेक्ट्रमला हजारो कोटी घातले, फाइव्ह-जीचे टॉवर उभे केले, पैसा यायला नको का? एअरटेल तर बऱ्याच वर्षांपासून उघड सांगते की दर ग्राहकामागे महिन्याला सरासरी ३०० रुपये यायला हवेत. खर्च खरा आहे, मान्य. माझा प्रश्न एवढाच की तो हिशोब बटणांच्या फोनवाल्या आजींसमोर कोणीच मांडत नाही, आणि त्यांना हरकत घ्यायलाही बोलवत नाही.

‘मग दुसऱ्या कंपनीत जा ना’, असं कुणी म्हणेल. लोक गेलेसुद्धा. जुलै २०२४ च्या एका महिन्यात बीएसएनएलला सुमारे २९ लाख ग्राहक मिळाले आणि तिन्ही खाजगी कंपन्यांचे घटले. पण आमच्या भागात घाटाकडच्या पाड्यांवर कंपनी माणूस निवडत नाही, डोंगर निवडतो. ज्या टॉवरची रेंज आडवी येऊन पाड्यावर पडते, तीच तुमची कंपनी. कागदावर चार पर्याय, ओट्यावर उभं राहिलं की एक. तोही एका कोपऱ्यात.

नंबर गेला की काय काय जातं

आता सगळ्यात महत्त्वाचं. पूर्वी रिचार्ज संपला तर बोलणं थांबायचं, बस. आता नंबर म्हणजे तुमची ओळख आहे.

आमच्या शेजारच्या पाड्यावरची एक मावशी दिवाळीनंतर कुटुंबासोबत भट्टीवर गेली. तिथे नवऱ्याचा एक फोन चालू ठेवला, हिचा बंद. पावसाळ्याच्या तोंडावर परत आली तर सिम मेलेलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हे कुठल्याही कंपनीत होऊ शकतं. आधारला तोच नंबर, बँकेला तोच. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी सुरू झालं. त्यात आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो, शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागतो. हिचा ओटीपी मेलेल्या नंबरवर जात होता. आधारला नवा नंबर जोडायला तिला स्वतः केंद्रावर जावं लागलं. मावशीच्या तालुक्याला तीन फेऱ्या झाल्या. एकदा लाईट नव्हती, एकदा रांग संपली नाही, तिसऱ्या वेळी काम झालं. तीन दिवसांची मजुरी, एसटीचं भाडं आणि आधारची फी, महिन्याच्या १५०० रुपयांसाठी. आणि मूळ कारण काय? नाक्यावर जकात भरली नव्हती.

म्हणून मी म्हणते की रिचार्ज हा आता शौक राहिलेला नाही. सरकारनेच रेशन, बँक, योजना सगळं नंबरला बांधलंय. मग नंबर जिवंत ठेवण्याची किंमत पूर्णपणे तीन कंपन्यांच्या मर्जीवर कशी सोडता येईल?

नियम झाला की फरक पडतो

तुम्ही म्हणाल, मग काय, रडत बसायचं? नाही. ट्राय दर ठरवत नसलं तरी नियम करतं, आणि नियमाने फरक पडतो. दोन उदाहरणं देते.

पहिलं, २८ दिवसांचं. लोकांनी तक्रारी केल्या की महिना म्हणता आणि १३ रिचार्ज घेता. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने आदेश काढला. प्रत्येक कंपनीने निदान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा होणारा ठेवलाच पाहिजे. असे पॅक आज आहेत. फक्त ॲपमध्ये वर दिसत नाहीत, शोधावे लागतात.

दुसरं, आजींच्या प्रश्नाचं उत्तर. जुलै २०२४ मध्ये ट्रायने लोकांची मतं मागवली: फक्त कॉल आणि एसएमएसचा, डेटा नसलेला पॅक सक्तीचा करावा का? कंपन्यांनी विरोध केला. पण देशात तेव्हाही सुमारे १५ कोटी लोक साधा फोन वापरत होते. २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायने नियम काढला की असा पॅक द्यावाच लागेल, आणि मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येईल.

मग कंपन्यांनी काय केलं, ते ऐका. एअरटेलचा ५०९ रुपयांचा ८४ दिवसांचा पॅक होता, सहा जीबी डेटासह. जानेवारी २०२५ मध्ये त्यातला डेटा काढला आणि किंमत ठेवली ४९९. सहा जीबी गेले, कमी झाले फक्त दहा रुपये! यावर बोंब झाली. हे पॅक तपासू, असं ट्रायने जाहीर केलं. काही दिवसांतच ४९९ चा पॅक ४६९ झाला आणि वर्षाचा १,९५९ चा १,८४९. जिओनेही आपले ४५८ आणि १,९५८ चे पॅक ४४८ आणि १,७४८ वर आणले. नियामकाने नुसते डोळे वटारले तर एवढं झालं.

हिशोब करा. १९९ चा पॅक वर्षात १३ वेळा मारला तर २,५८७ रुपये. तेच फक्त कॉलचा वर्षाचा पॅक १,८४९. आजींचे ७३८ रुपये वाचतात. अडचण एकच, १,८४९ रुपये एकदम आणायचे कुठून? हप्त्याला पगार होणाऱ्या माणसाला स्वस्त वस्तू महागात पडते, कारण स्वस्त वस्तू एकदम घ्यावी लागते. हा प्रश्न नियमाने अजून सुटलेला नाही.

आता तुम्ही काय करायचं

तुमच्या हातात स्मार्टफोन आहे, घरातल्या मोठ्यांच्या हातात नाही. म्हणून ही कामं तुमची.

एक. आज घरी गेलात की आजी, आजोबा, आई, आत्या, सगळ्यांचे फोन बघा. नेट न वापरणाऱ्याला डेटाचा पॅक बसतोय का? कंपनीच्या ॲपमध्ये ‘फक्त कॉल’चा पॅक शोधा, आणि दुकानदाराला तोच पॅक नावाने मागा. नुसतं ‘कमीत कमी मार’ म्हणू नका.

दोन. कुणी भट्टीवर, ऊसतोडीला किंवा बाहेरगावी जाणार असेल तर नंबर मरू देऊ नका. ट्रायच्या नियमाप्रमाणे ९० दिवस अजिबात वापर नसेल तोपर्यंत प्रीपेड नंबर बंद करता येत नाही. मेन बॅलन्स २० रुपये असेल तर २० रुपये कापून आणखी ३० दिवस मिळतात. लक्षात ठेवा, पॅक मारून मेन बॅलन्स येत नाही, त्यासाठी वेगळा टॉप-अप टाकावा लागतो.

तीन. आधार आणि बँकेला कुठला नंबर आहे ते तपासा. घरात जो फोन कायम चालू राहतो तो जोडलेला असेल तर निम्मी डोकेदुखी संपते.

चार. चुकीचे पैसे कापले, न मागितलेली सेवा चालू झाली, तर १९८ वर तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. समाधान नाही झालं तर त्याच कंपनीच्या अपील विभागाकडे जा. आणि ग्राहक न्यायालयही उघडं आहे. मोबाईल कंपनीविरुद्ध तिथे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

पाच, आणि हे मला सगळ्यात जवळचं. ट्राय जेव्हा मतं मागवतं तेव्हा ती तुमच्याकडूनही मागवतं. वेबसाइटवर कागद येतो, मुदत असते, ईमेलने उत्तर पाठवता येतं. फरक पडतो का? २०१५-१६ ला काही वेबसाइट फुकट आणि बाकीच्यांना पैसे, असा घाट घातला जात होता. फेसबुकचं ‘फ्री बेसिक्स’ त्यातलंच. देशभरातून लाखो ईमेल गेले, त्यात तुमच्या-माझ्यासारखी कॉलेजची पोरं भरपूर होती. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने अशा भेदभावाच्या दरांवर बंदी घातली. त्या ईमेलमध्ये शहरं खूप होती, आमचे पाडे कमी. पुढच्या वेळी ही उणीव आपण भरून काढू शकतो.

दरवाढ पुन्हा होणार. प्रश्न इतकाच की तेव्हा आपण फक्त स्टेटसवर मीम टाकणार की काही विचारणार. मी तीन गोष्टी विचारणार आहे. फक्त नंबर चालू ठेवायचा एक स्वस्त, महिन्याचा पॅक प्रत्येक कंपनीला सक्तीचा का नाही? सरकारी ओटीपीसाठी इनकमिंग एसएमएस, रिचार्ज संपला तरी चालू का राहू नये? आणि तिन्ही कंपन्या एकाच आठवड्यात दर वाढवतात तेव्हा विजेसारखी सुनावणी का होत नाही?

तुमचे प्रश्न वेगळे असतील. घरातल्या सगळ्या फोनचा वर्षाचा हिशोब मांडा, १३ ने गुणायला विसरू नका, आणि आकडा मला व्हॉइस नोटने पाठवा. कुठल्या गावचे ते सांगा, नाव नाही सांगितलं तरी चालेल. ते सगळे आकडे एकत्र करून मी एक ईमेल तयार करणार आहे. तो कसा लिहायचा ते पुढच्या भागात बोलू. आणि हो, हा भाग आजीला तुमच्या फोनवर ऐकवा. तिच्या पॅकमध्ये नेट नसणार ना!

काळजी घ्या. भेटू.